चांदव्याखालची खुर्ची

१

थॉर्नकोटच्या हवेलीत रोज सकाळी अकरा वाजता एका रिकाम्या खुर्चीला जेवायला वाढत.

रोज म्हणजे रोज. बर्फ पडो, पाऊस पडो, घरातली अर्धी माणसं तापानं आडवी असोत. अकरा वर्षं आणि वर पाच महिने त्यात एका दिवसाचाही खंड पडला नव्हता. अकराचे ठोके पडले, की अँब्रोज टिली नावाचा म्हातारा वाढपी वरच्या दालनात यायचा आणि खुर्चीसमोर तीनदा गुडघा टेकायचा. मग तो मेजावर पांढरं कापड अंथरायचा. त्यावर मीठ, पाव, सुरी, चांदीचं ताट, रुमाल, आणि प्रत्येक वस्तू ठेवताना पुन्हा गुडघा. शेवटी झाकलेलं भांडं यायचं. झाकण उघडून त्यातला एक तुकडा अँब्रोज आधी स्वतः खायचा, म्हणजे विषबिष नाही याची खात्री. मग तो मान खाली घालून उभा राहायचा, मनातल्या मनात तीनदा प्रभूची प्रार्थना म्हणून होईल इतका वेळ. नंतर झाकण लावून उलट पावली मागे सरायचा.

एवढं झाल्यावर तेच भांडं बाजूला, खिडकीजवळच्या स्टुलावर बसलेल्या लेडी थॉमसिनपुढे यायचं, आणि मग तिचं जेवण. उरलेलं फाटकावरच्या भिकाऱ्यांना जायचं.

खुर्ची काळ्या लाकडाची, उंच पाठीची. तिच्यावर लाल मखमलीची गादी आणि वर सोनेरी झालरीचा चांदवा. अशा चांदव्याखाली इंग्लंडात एकच माणूस बसू शकतं, राजगादीवरचं. दुसरं कुणी बसलं, तर तो राजद्रोह, आणि त्याची शिक्षा सगळ्यांना ठाऊक होती.

आता कुणी म्हणेल, ही बाई खुळी होती. खुळी नव्हती, हट्टी होती. तिच्या आजीचं लग्न एका राजपुत्राशी लागलं होतं की नव्हतं, यावरून तो सगळा वाद. लग्न लावणारा पाद्री एकटाच साक्षीदार, आणि तो महिन्याभरात नदीत बुडून मेला. लग्न खरं मानलं तर आज इंग्लंडची गादी थॉमसिनची. खोटं मानलं तर ती कुणीच नाही. लंडनच्या राणीनं अर्थातच ते खोटं मानलं, आणि थॉमसिनला डर्बीशरच्या माळावर, सर पियर्स हॉथर्नच्या घरात नजरकैदेत ठेवलं.

तिच्या वडिलांच्या वकिलानं तिला एक गोष्ट सांगून ठेवली होती. कायदा असा आहे, की तुमची जमीन कुणी बळकावली, तर तुम्ही ठरल्या वेळी तिथं जाऊन 'ही माझी' असं म्हणत राहिलं पाहिजे. म्हणायचं थांबलात, की हक्क बुडाला. थॉमसिनला लंडनला जाता येत नव्हतं. म्हणून तिनं आजीची खुर्ची गाडीत घालून इथं आणली आणि रोज तिला जेवायला वाढायला लावलं.

सर पियर्सनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हे काय चाललंय?"

"राणीसाहेबांची खुर्ची," थॉमसिन शांतपणे म्हणाली होती. "मोठ्या घरांतून मांडतात तशी. तुमच्या घरात नाही? कमाल आहे."

सर पियर्स ओशाळला. कोणत्या राणीसाहेबांची, हे त्यानं विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. घरातल्या नोकरांनाही कुणी कधी सांगितलं नाही. खुर्ची कुणाची, हे त्या दालनात अकरा वर्षांत कुणीच बोलून दाखवलं नव्हतं.

२

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार. मंगळवारी बोकडाचं मटण असे.

थॉमसिन स्टुलावर बसून सवयीनं प्रार्थना मोजत होती. अँब्रोजनं झाकण उघडलं. एक प्रार्थना झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. अँब्रोज हलला नाही. चौथी झाली. भांड्यातली वाफ हळूहळू विरली आणि मटणावर साय धरल्यासारखी चरबी गोठायला लागली. सातवी प्रार्थना अर्धी झाली, तेव्हा कुठं त्यानं झाकण लावलं.

"अँब्रोज, उभ्या उभ्या डोळा लागला का रे?"

"नाही, बाईसाहेब. अजून आटपलं नव्हतं."

"काय आटपलं नव्हतं?"

अँब्रोजनं तोंड उघडलं. हातातल्या भांड्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले.

"काय म्हणालो मी?"

"आटपलं नव्हतं म्हणालास."

"असं म्हणालो? वय झालं, बाईसाहेब. तोंडातून काय बाहेर पडेल, त्याचा नेम राहिला नाही."

"नेम कधी होता?" जॉयस पेल खिडकीतून म्हणाली. जॉयस म्हणजे थॉमसिनच्या आईची सोबतीण. थॉमसिनला तिनंच लहानाची मोठी केली होती, आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. "ईस्टरला पाद्रीबाबांना 'बाईसाहेब' म्हणून मोकळे झालात. बिचारे दोन दिवस आरशात बघत होते."

सगळे हसले, अँब्रोजसुद्धा. थॉमसिननं मटणाचा घास घेतला आणि मीठ मागितलं. मीठ घातलं, तरी घास अळणीच लागला. तिनं आणखी घातलं. मग भांडं बाजूला सारलं आणि पावावर भागवलं.

३

त्यानंतर रोजच अन्न अळणी लागायला लागलं.

पहिल्यांदा तिनं स्वयंपाक्याला बोलावून फैलावर घेतलं. तो बिचारा आईची शपथ घेऊन सांगत होता, की मीठ मोजून घातलंय. मग तिला वाटलं, आपलीच जीभ गेली. वय अडतीस. चार भिंतींत बसून माणसाचं काय काय जातं, हे तिनं आईच्या बाबतीत पाहिलं होतं. पण बाईचं डोकं हिशेबी होतं. तिनं जॉयसला भटारखान्यात पाठवलं आणि कालवणाचा एक चमचा तिथंच चाखायला सांगितला.

"झकास आहे," जॉयस परत येऊन म्हणाली. "थोडं जास्तच खारट."

तेच कालवण वर आलं, खुर्चीपुढे उघडलं गेलं, झाकलं गेलं आणि स्टुलापाशी आलं. जॉयसनं त्यातला चमचाभर तोंडात घातला. तिचा चेहरा बदलला आणि तिनं तो घास हातावर थुंकला.

"काय झालं?"

"काही नाही," जॉयस म्हणाली. "ह्यात काहीच नाही, बाईसाहेब. मटण नाही, मीठ नाही, काहीच नाही."

"निवल्यामुळं असेल."

"असेल," जॉयस म्हणाली आणि हात पुसत राहिली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फाटकावरचे भिकारी यायचे बंद झाले. भिकारी जेवण सोडतात, हे थॉमसिननं जन्मात ऐकलं नव्हतं. जॉयस टोपली घेऊन खाली गेली, तेव्हा एक म्हातारी तेवढी भिंतीशी बसलेली होती. तिनं पावाचा तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि टोपलीत परत ठेवला.

"आम्हाला उष्टं चालतं हो," ती म्हणाली. "पण हे खाऊन झालेलं आहे."

जॉयसनं वर येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. थॉमसिन म्हणाली, म्हाताऱ्या काहीही बरळतात. पण त्या दिवशी तिनं खुर्चीकडे जरा नीट पाहिलं. गादी दर शनिवारी जॉयस दोन्ही हातांनी बडवून फुगवायची. आज रविवार. गादीच्या मधोमध खोलगट पडलं होतं. पिसं जुनी झाली असतील, थॉमसिननं मनाशी म्हटलं. लाकूड दबलं असेल. घर दमट आहे.

आणखी एक गोष्ट होती, तिला मात्र कारण सापडत नव्हतं. खुर्चीसमोरून जाताना नोकरमाणसांनी वाकावं, म्हणून ती इतकी वर्षं त्यांच्यामागे लागली होती. पोरी हसायच्या, विसरायच्या, टंगळमंगळ करायच्या. आता दालनात कुणी नसलं, तरी त्या वाकत होत्या. एकदा दाराच्या फटीतून तिनं पाहिलं. झाडूवाली एकटीच होती. ती खुर्चीपुढून गेली नाही. भिंतीला अंग घासत, सगळ्या दालनाला वळसा घालून गेली, आणि दाराशी पोचल्यावर वळून वाकली.

थॉमसिनला याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

४

सप्टेंबरच्या दुसऱ्या बुधवारी सकाळची प्रार्थना आटपल्यावर तिनं एक सुई घेतली. भरतकामाची, लांब. ती गादीच्या मधोमध, टोक वर करून, अशी खोचली की टोक जेमतेम दिसावं. मग स्टुलावर येऊन बसली, भरतकाम मांडीवर घेतलं, पण डोळे सुईवरून हलवले नाहीत. दालनाबाहेर गेली नाही. जॉयसलाही जाऊ दिलं नाही.

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. माळावर मेंढ्या ओरडत होत्या. त्या उन्हात सुईचं टोक चमकत होतं. थॉमसिनला स्वतःचंच हसू आलं. इंग्लंडच्या गादीची वारस सुई घेऊन सापळा लावून बसली आहे.

अकराचे ठोके पडले. अँब्रोज आला. गुडघे टेकून झाले, कापड, मीठ, पाव. खुर्ची आणि तो यांच्यामध्ये सबंध मेज होतं. त्याचा हात खुर्चीपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. त्यानं झाकण उघडलं आणि मान खाली घातली.

तिसऱ्या प्रार्थनेच्या सुमाराला मखमलीचा आवाज झाला.

फार लहान आवाज. गादीवर कुणी टेकलं, की आतली हवा बाहेर पडताना होतो तसा. थॉमसिनला तो ठाऊक होता. लहानपणी आजी ह्याच खुर्चीत बसायची, तेव्हा तिनं तो शेकडो वेळा ऐकला होता. तिनं डोळे फाडून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. ऊन होतं, धूळ तरंगत होती. चमकणारं टोक मात्र दिसत नव्हतं.

अँब्रोजनं झाकण लावलं. ताट उचलायला वाकला आणि तसाच थांबला.

"बाईसाहेब, तुमची सुई."

सुई ताटाशेजारच्या रुमालात होती. रुमालाची घडी घालून, शिंपी हातातली सुई बाजूला ठेवताना खोचतो तशी नीट खोचलेली. टोक थॉमसिनच्या स्टुलाकडे होतं.

"मी नाही हो," अँब्रोज म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "देवाशपथ मी नाही."

"तू नाहीस, ठाऊक आहे मला. जा तू."

तो गेला. जॉयसच्या तोंडचं पाणी पळालं होतं. थॉमसिनला भीती वाटली. पण थोड्या वेळानं तिला कळलं, की हे नुसतं भय नाही, आपल्याला राग आला आहे. भयंकर राग. अकरा वर्षं ती स्टुलावर बसली होती. मान जाईल म्हणून एकदाही त्या गादीला पाठ लावली नव्हती. आणि दुसरंच कुणीतरी येऊन आरामात टेकलं होतं.

५

त्याच आठवड्यात सर पियर्स हातात पत्र घेऊन वर आला. माणूस वाईट नव्हता. त्याला कैदी सांभाळण्यापेक्षा शिकारी कुत्रे सांभाळणं अधिक आवडत असे, इतकंच.

"लंडनहून मास्टर राइसली येतायत," तो म्हणाला. "राणीसाहेबांचे सल्लागार. मायकेलमसच्या सणाला, सप्टेंबरअखेर पोचतील. कागद घेऊन येतील. गादीवर आपला काही हक्क नाही, नव्हता, असं लिहून द्यायचं. सही केलीत, की आपण मोकळ्या. केंटमध्ये आपल्या धाकट्या बहिणीशेजारी घर, बाग, सफरचंदाची झाडं. मी स्वतः पाहिलीयत झाडं, फार छान आहेत."

"आणि नाही केली तर?"

सर पियर्सनं पत्राची घडी घातली. "तर चांदवा उतरवायचा, खुर्ची फोडायची आणि आपल्याला लंडनच्या किल्ल्यात न्यायचं. तिथून... जाऊ दे. सही करा, बाईसाहेब. मी हात जोडतो."

तो गेल्यावर जॉयस तिच्या पायाशी येऊन बसली. इतरांसमोर ती बाईसाहेब म्हणायची. एकांतात मात्र जुनी जॉयस बाहेर यायची.

"कर गं सही, पोरी."

"तू सांगतेस हे?"

"मी सांगते. राजवाडा गेला खड्ड्यात. मला ह्या दालनात बसवत नाही आता. काल मी खुर्चीकडे पाठ करून शिवत बसले होते, तर माझ्या पाठीला कळत होतं, की आपण चुकतोय, असं पाठ करून बसू नये." तिनं थॉमसिनचा हात धरला. "निदान उद्यापासून वाढायचं तरी बंद कर."

"एक दिवस खंड पडला, की हक्क बुडाला."

"कुणाचा हक्क? रोज गुडघे टेकून कुणाला बोलावतोय आपण? नाव तरी घेतलंय का कधी?"

"खुर्ची माझी आहे, जॉयस."

"मग तिला सांग ना तसं," जॉयस म्हणाली. 'तिला' म्हणताना तिनं खुर्चीकडे बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी हलवली. मग ती रडायला लागली.

थॉमसिनला आई आठवली. आईनंही अशाच एका कागदावर सही केली होती, मुलींना केंटची हवा मिळावी म्हणून. सही केल्यावर आई सात वर्षं जगली. रोज जेवायला बसताना ती आधी आजूबाजूला पाहायची, आपण बसावं की नाही असं विचारल्यासारखं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मेजावर. ते पाहून थॉमसिनचं काळीज तुटायचं, आणि तेरा वर्षांच्या वयात तिनं ठरवलं होतं, की आपण आयुष्यात असं कुणाच्या तोंडाकडे बघून बसायचं नाही.

आणि आता अकरा वर्षं ती स्टुलावर बसली होती.

"ऐक," ती म्हणाली. "मी सही करणार नाही. आणि वाढणंही बंद होणार नाही. मायकेलमसच्या दिवशी मी खुर्चीत बसणार."

जॉयसचं रडणं जागच्या जागी थांबलं. "राइसलींच्या समोर? चांदव्याखाली? मान उडवतील!"

"उडवू देत. पण बसलेली असताना उडवतील. लंडनची ती असो, नाहीतर ही इथली, जी कोण असेल ती. माझ्या जागेवर दुसऱ्या कुणाला मी बसू देणार नाही."

६

मायकेलमसला घरोघर हंस भाजतात. सकाळपासून भटारखान्यातून त्याचा वास वर येत होता. थॉमसिननं आजीचा काळा मखमली झगा घातला, गळ्यात मोती घातले आणि साडेदहाला ती खुर्चीपाशी गेली. थांबली असती, तर हिंमत गेली असती. म्हणून थांबली नाही. दोन्ही हातांवर टेकून वळली आणि बसली.

मखमलीचा आवाज झाला नाही.

ही खुर्ची आजीच्या मापाची होती, आणि थॉमसिन आजीएवढीच होती. सतराव्या वर्षी गंमत म्हणून एकदा बसली होती, तेव्हा पाय व्यवस्थित टेकले होते. आज तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते. गादी कुणी जास्त भरली असेल, तिला वाटलं. पण गादी मऊ असते. हे मऊ नव्हतं. तिच्या मांड्यांखाली दोन लांब, टणक गोष्टी शेजारी शेजारी होत्या आणि त्यांच्यामध्ये पोकळी होती. चौकट मोडली असेल, ती स्वतःला म्हणाली. फळ्या वर आल्या असतील. पाठीमागं खुर्चीचं लाकूड लागायला हवं होतं, त्याच्या पुष्कळ अलीकडेच तिच्या पाठीला काहीतरी टेकलं. थंड होतं. तिनं हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. बोटांखाली लाकडाच्या नक्षीऐवजी बारीक सुरकुत्या लागल्या.

खाली बघायचं नाही, असं तिनं ठरवलं. वर तर मुळीच नाही.

जॉयस स्टुलाशी उभी होती. तिनं एकदा खुर्चीकडे पाहिलं आणि लगेच नजर जमिनीवर टाकली. त्यानंतर ती उचलली नाही.

दार उघडलं. सर पियर्स आला, आणि त्याच्यामागून मास्टर राइसली. बुटका, नीटनेटका, दाढी टोकदार. डोक्यावर टोपी तशीच. ती मुद्दाम ठेवलेली होती. ह्या बाईपुढे टोपी काढली, तर तिचा हक्क मानल्यासारखं होईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. थॉमसिनला चांदव्याखाली पाहून तो चक्क हसला.

"वा! आपण तर माझं काम फारच सोपं केलंत. सर पियर्स, तुम्ही साक्षीदार."

"बाईसाहेब, उतरा खाली," सर पियर्स कळवळून म्हणाला. "अजून वेळ आहे. आम्ही काही पाहिलं नाही म्हणू."

"मी माझ्या जागी बसले आहे," थॉमसिन म्हणाली. आवाज कापला नाही, याचं तिला बरं वाटलं. "आणि सही करणार नाही. काय लिहायचं ते लिहा."

राइसलीनं कागद उलगडला आणि वाचायला सुरुवात केली. मी, थॉमसिन, अमक्याची मुलगी, तमक्याची नात, असं जाहीर करते की. दुसऱ्या ओळीवर त्यानं नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. मग त्याची नजर आणखी थोडी वर गेली. तिच्या केसांच्या वर, हातभर.

तिथं ती थांबली.

राइसलीच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. त्याचा डावा हात हळूहळू वर गेला आणि त्यानं टोपी काढली. मग तो दोन्ही गुडघ्यांवर बसला. त्याच्यामागे सर पियर्सही धपकन बसला.

"क्षमा असावी, सरकार," राइसली म्हणाला. "मला ठाऊक नव्हतं."

अकरा वर्षं ह्याच एका गोष्टीसाठी ती जगली होती. लंडनच्या दरबारातला माणूस उघड्या डोक्यानं तिच्या खुर्चीपुढे गुडघे टेकून बसला होता, आणि तिच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"उठा," थॉमसिन म्हणाली. "मास्टर राइसली, मी बोलतेय. उठा."

तो हलला नाही. तिच्या डोक्यामागे कुणीतरी सावकाश श्वास आत घेतला, इतका मोठा, की तिच्या मानेवरचे केस मागे ओढले गेले. कसलाही शब्द तिला ऐकू आला नाही. पण राइसलीनं मान हलवली, नीट ऐकून घेतल्यावर हलवतात तशी.

"जशी आज्ञा," तो म्हणाला. त्यानं कागदाचे दोन तुकडे केले, चार केले, खिशात घातले. मग तो आणि सर पियर्स उलट पावली दारापर्यंत गेले. दारातही त्यांनी पाठ दाखवली नाही.

७

"झालं," जॉयस जमिनीकडे बघत म्हणाली. दात वाजत होते तिचे. "कागद फाटला. जिंकलीस, पोरी. आता उतर. मी वर बघत नाही, तूही बघू नकोस. माझ्या आवाजाच्या रोखानं ये." तिनं हात पुढं केला.

हात फार लांब नव्हता. चार पावलं. थॉमसिनला उठता येत होतं, कुणी धरून ठेवलं नव्हतं. तिच्या मनात आलं, की आता उठलं, तर कुणी काही म्हणणार नाही. केंट नाही, किल्ला नाही, काही नाही. ती पुन्हा स्टुलावर बसेल, अकरा वाजता जेवेल, आणि खुर्चीपुढे लंडनहून माणसं येतील, टोप्या काढतील, आज्ञा घेऊन जातील. त्यांतलं कुणीही स्टुलाकडे बघणार नाही.

"ये ना गं," जॉयस रडत म्हणाली.

"नाही."

"थॉमसिन!"

"मी उठले, की ही खुर्ची तिची झाली. मी उठणार नाही, जॉयस. तू जा. माझ्या बहिणीकडे जा, सफरचंदं खा. जा."

जॉयस गेली नाही. भिंतीला तोंड लावून तिथंच उभी राहिली.

अकराचे ठोके पडले. अँब्रोज आला. त्यानं तीनदा गुडघा टेकला, कापड अंथरलं, मीठ ठेवलं, पाव ठेवला. त्याचा चेहरा झोपेतल्या माणसासारखा शांत होता. हंस आला. झाकण उघडल्यावर वाफेचा लोट उठला आणि तिच्या तोंडावरून वर गेला. अँब्रोजनं एक तुकडा कापून स्वतः खाल्ला. दुसरा कापला, छातीच्या मांसाचा, जाड, तुपकट. इतक्या वर्षांत त्यानं कधी केलं नव्हतं ते केलं. तुकडा सुरीच्या टोकावर घेऊन तो मेजावरून पुढं वाकला आणि त्यानं हात लांब केला.

तुकडा थॉमसिनच्या तोंडापाशी आला. थांबला नाही. नाकावरून, डोळ्यांवरून वर गेला. अँब्रोजच्या टाचा उचलल्या गेल्या. मग सुरी खाली आली, ती मोकळी होती.

डोक्यावर चावण्याचा आवाज सुरू झाला. घाई नव्हती त्याला.

तिच्या दोन्ही हातांखाली काहीतरी हललं. बोटं होती ती. त्यांनी तळवे वर केले आणि तिचे हात आत घेतले, घट्ट नाही, लहान मुलाचे घेतात तसे. थॉमसिननं हात सोडवले. बाहेर काढले, आणि त्या हातांच्या वर ठेवून, होता तेवढा जोर लावून ते खाली दाबले. पाठ मागे रेलली. रेलताना तिच्या तोंडून हुंदका निघाला, तो तिनं गिळला.

वरून एक थेंब तिच्या कपाळावर पडला. ऊन, तुपकट. तो भुवयांच्या मधून नाकाकडे ओघळायला लागला. राजाला गादीवर बसवतात, तेव्हा त्याच्या कपाळाला आधी तेल लावतात, असं आजी सांगायची.

थॉमसिन ताठ बसली, आणि तिनं कपाळ पुसलं नाही.